मोहाखालचा पाचोळा

जगात एक किडा आहे, बारीकसा पतंग, त्याचं नाव मी ठेवलं. आहे म्हणतो, पण होता म्हणायला हवं; आणि तो 'होता' कसा झाला हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. पोरांना, नातवंडांना आणि कॉलेजातल्या कितीतरी वर्गांना मी तो पतंग कसा सापडला ते इतक्यांदा रंगवून सांगितलं आहे, की विषय निघाला की माझी बायको मेथी निवडायला उठून जाते, घरात मेथी नसली तरी. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी कुणी विचारली नाही आणि मीही आपण होऊन सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. ती आता उघडतो, कारण यंदा असं काही घडलं की ती झाकून ठेवणं मलाच जमेना.

आमचं घर चिचगडापासून सायकलने अर्ध्या तासावर, धानाच्या बांध्यांना लागून. घरात बाबा, माय, आम्ही चार भावंडं आणि मोठीमाय. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी पाळण्यात असताना गेले, पोरबाळ नव्हतं. हाडापेराने रुंद बाई, चालली की सपरीतली, म्हणजे ओसरीतली, जमीन हलल्यासारखी वाटायची, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. माणसांशी ती कामापुरतं बोले. म्हशीशी मात्र धार काढताना तासभर बोलायची, आणि म्हैसही कान हलवून ऐकायची. माय म्हणे, घरातल्या साऱ्या बातम्या म्हशीले ठाऊक, आमाले कोनी सांगत नाही. सकाळी जाग यायची ती मोठीमायच्या खराट्याच्या आवाजाने. अंगण, गोठ्यापुढची जागा, विहिरीचा काठ, सगळं ती एका संथ लयीत झाडत जायची. मग चुलीवर भाताचं आधण, लाखोळीच्या डाळीचा उकळ, वर लसणाची फोडणी. भात तीनही वेळा. जेवायला वाढायची ती मोठीमायच; मायला तिने ते काम कधी करू दिलं नाही. कुणाला किती भूक आहे हे ती पानाकडे न बघता ओळखायची.

मोठेबाबांच्या तेरवीनंतर चार म्हातारे सपरीत बसले आणि तिला विचारलं की माहेरी जायचं की इथे राहायचं, आणि राहायचं तर काय हवं. तिने सांगितलं, राहीन, आणि नाल्याकाठचं मोहाचं झाड माझं. एवढंच. जमीन मागेल म्हणून बाप्ये धास्तावले होते, ते एका झाडावर सुटले. मोह मोठा होता, दोन माणसांच्या कवेत मावत नसे. त्या दिवसापासून त्या झाडाचं फूल, आणि पुढे पावसाच्या तोंडावर पडणारी टोरी, म्हणजे मोहाचं फळ, दोन्ही तिची. आम्हा भावंडांना तिला न विचारता त्याखाली जायची बंदी नव्हती, पण आम्ही जात नसू. घरात हे सांगावं लागलं नाही.

फाल्गुन आला की गावातल्या बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जायच्या. मोहाचं फूल पहाटे टपटप गळतं, आणि ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात. मोठीमाय भरली टोपली डोक्यावर घेऊन परतायची तेव्हा गोड, आंबूस वास तिच्या आधी घरात यायचा. मग अंगणात फुलांचा पसारा. वाळून मनुकांसारखी झाली की ती आपल्या बांबूच्या ढोलीत भरून ठेवायची. वर्षभर ती ढोली म्हणजे तिचं राज्य. त्यातली फुलं देऊन ती बांगड्या घ्यायची, भाचीला लुगडं घ्यायची, आणि दाताला घासायची गुडाखू घ्यायची. त्या काळ्या तंबाखूशिवाय तिचा दिवस उगवत नसे. थंडीत ती थोडी फुलं भाजून तिळाबरोबर उखळात कुटायची आणि एकेक गोळा आमच्या हातावर ठेवायची. तो चिकट, धुराच्या चवीचा गोळा मी आता कुणाला समजावून सांगू शकत नाही. पण मुद्दा असा, की त्या झाडामुळे मोठीमायने आमच्या मायपुढे किंवा बाबांपुढे कधी हात पसरला नाही.

मोह वेचायची एक रीत सगळीकडे आहे. फुलं गळतात त्याच दिवसांत पानंही गळतात. वाळल्या पाचोळ्यात पिवळं फूल दिसत नाही. म्हणून फुलं सुरू व्हायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन काळी झाली की फूल लांबून दिसतं. लहानपणी फाल्गुनात शाळेतून येताना चारी बाजूंना धुराच्या बारीक दोऱ्या दिसायच्या, त्या माझ्या डोळ्यांपुढे अजून आहेत. आठवीपासून मी देवरीला, मग नागपूरला, वसतिगृहांत. फाल्गुन म्हणजे परीक्षा. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत घरी असणं पुढे कधी घडलंच नाही. हे मी कारण म्हणून सांगतो आहे, सबब म्हणून नव्हे. सबब असती तर झोप लागली असती.

एम.एस्सी. झाल्यावर नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी मला पान पोखरणाऱ्या अळ्यांवर बसवलं. या अळ्या पानाच्या वर किंवा खाली नाही, पानाच्या आत राहतात. वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला गर खात पुढे सरकतात, आणि मागे पानावर पांढरट डाग किंवा वाकडी रेघ राहते. त्यांचे पतंग तांदळाच्या कणीएवढे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, धानावरच्या किडीवर कर ना काही, कामी येईल. मी म्हटलं, ती कीड सगळ्यांना माहीत आहे. मला असं काही हवं होतं जे कुणालाच माहीत नाही. तरुणपणी माणसाला हा आजार होतोच, फक्त माझा बरा झाला नाही.

माघात सुट्टीला घरी होतो. मोठीमायने मोहाच्या पानाच्या द्रोणात बोरं आणून दिली. बोरं खाता खाता पानावर एक फिकट, फुगीर डाग दिसला. उजेडाकडे धरलं तर आत अळी. नुसती अळी नाही, कुंकवासारखी लाल. मी पान घेऊन तसाच उठलो; बोरं अंगणात सांडली, कोंबड्यांचं फावलं. पान कोणत्या झाडाचं म्हणून विचारलं तर मोठीमाय म्हणाली, माह्याच. आणि हसली, असे डाग तं माह्या झाडाले दर साली येतात. पुढचे पंधरा दिवस मी सायकल घेऊन पंचक्रोशीतले मोह पालथे घातले. एकाही झाडावर तो डाग नव्हता. फक्त मोठीमायच्या झाडावर. यातून मी एवढाच अर्थ काढला की जात दुर्मीळ आहे आणि मी नशीबवान आहे. एकाच झाडावर का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना पुढे तीस वर्षं परीक्षेत घालत आलो. स्वतःला त्या माघात घातला नाही.

अळ्या वाढवायला बारीक काचेच्या नळ्या हव्या होत्या. त्या मी गोंदियाच्या बाजारात होमिओपॅथीच्या दुकानातून आणल्या. दुकानदाराने विचारलं, "कौनसी दवाई भरोगे?" मी म्हटलं, इल्ली; हिंदीत अळीला तेच म्हणतात. त्याने शांतपणे विचारलं की कोणत्या रोगावर चालते. नळ्या घेऊन मी नागपूरला गेलो. लाल झालेली अळी डागातून बाहेर पडते, गळलेल्या पानाच्या घडीत शिरते आणि तिथे पांढरा चपटा कोष विणते. कोषावर ती साबणाच्या फेसासारखे बारीक मोती चिकटवते. ते कशाला, हे मला आजही ठाऊक नाही. त्या कोषात ती फाल्गुन काढते आणि चैत्रात झाडाला तांबडी पालवी फुटली की पतंग बाहेर येतो. माझ्या नळ्यांतून सात आले. तपकिरी पंखांवर पांढरे तिरके पट्टे, टोकाशी एक काळा ठिपका. खुर्चीवर उभं राहून ओरडावंसं वाटलं होतं, पण खोलीतला सोबती झोपला होता.

एवढ्या लहान जिवाला टाचणीला टोचायचं म्हणजे केसाएवढी बारीक टाचणी लागते आणि ती रोवायला काहीतरी मऊ, पांढरं लागतं. सरांकडचा साठा संपला होता. मी घरून थोरल्या भावाच्या लग्नातल्या बाशिंगाचं भेंड आणलं आणि त्याचे चौकोनी तुकडे कापले. वहिनीला कळलं तेव्हा तिने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली नराचं शेपूट उघडून पाहिलं, जुनी पुस्तकं काढली, दोन महिने पत्रव्यवहार केला आणि शेवटी म्हणाले, नवी आहे. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. अळी पाचोळ्यात कोष करते, तर तुमच्याकडे फाल्गुनात त्या पाचोळ्याचं काय होतं? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "जाळतात, सर." माझ्याच भागाबद्दल विचारलं होतं ना. मी तिथला होतो, मला माहीत नसेल तर कुणाला. सर म्हणाले, मग एक वर्ष तरी ती जागा सांभाळा.

पुढच्या माघात मी घरी गेलो आणि जेवताना विषय काढला. मोठीमाय डाळ वाढत होती. मी बाबांना म्हणालो की नाल्याकाठच्या मोहाखाली यंदा कुणी जायचं नाही, पाचोळ्याला हात लावायचा नाही, काडी लावायची तर बातच नको; सगळ्या जगात हा पतंग फक्त तिथे आहे. जग हा शब्द ऐकून बाबा सरसावले. त्यांना धानावरची कीड हवी होती, पण पोराने जगाचं नाव काढलं हे त्यांना आवडलं. दुसऱ्याच दिवशी झाडाभोवती बोराट्यांचं काटेरी कुंपण घालायचं ठरलं. मोठीमाय पळी हातात धरून उभी होती. तिने मला विचारलं, "एकच साल ना, बाबू?"

"एकच साल," मी म्हणालो.

"फूल वेचाले बी नाही?"

मी तिला समजावलं, म्हणजे मला वाटलं समजावलं, की पाय पडला तरी कोष चिरडतील. ती बरं म्हणाली आणि डाळ वाढत पुढे गेली. काट्यांचे भारे दोन दिवस वाहिले. कुंपण मी स्वतः रचलं, छातीएवढं उंच आणि हातभर जाड, कुणी आत शिरायचं मनातसुद्धा आणू नये असं. अजून माझ्या तळहाताला त्यातल्या एका काट्याची खूण आहे. तो फाल्गुन मोठीमायने अंगणात काढला असं माय सांगायची. बाया टोपल्या घेऊन निघाल्या की ती दारात येऊन उभी राहायची आणि मग आत जाऊन आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

होळीच्या सुमाराला नागपूरला बाबांचं पत्र आलं. दोन ओळी: मोह जळला, ये. मी गेलो तेव्हा राख थंड झाली होती. पूर्वेच्या शेजाऱ्याने आपल्या झाडाखाली पेटवलं होतं, वारा सुटला, आग गवतातून सरकत आमच्या झाडाशी आली. आत गुडघाभर पाचोळा होता, आणि भोवती मी घातलेलं वाळलं कुंपण. ते भडकलं तसं खोडाची साल तडकून फाटली, वरच्या फांद्या करपल्या. एकही कोष उरला नव्हता. मी दोन दिवस राख चाळली. शेजारी माझ्याजवळ येऊन उभा राहिला, खरोखर वाईट वाटलेला माणूस. म्हणाला, "दर साली मी पेटवतो, आन् तुमच्या झाडाजवर येऊन आग आपसूक विझते. अवंदा काऊन नाही विझली, समजत नाही." मला त्या वेळी त्याचा संताप आला होता. त्याने माझ्या हातावर उत्तर ठेवलं होतं आणि मी त्याला दोन शब्द सुनावून परत पाठवलं.

पुढच्या माघात मी पुन्हा हिंडलो. जिवंत राहिलेल्या दोन फांद्यांवर पानं होती, डाग नव्हते. आसपासही नव्हते. मग आम्ही हाती असलेल्या सात नमुन्यांवर ती जात लिहिली. सरांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. आमच्या धंद्यात तसं करतात, आणि मला नोकरी हवी होती. पंखांची लांबी, पट्ट्यांची संख्या, शेपटाच्या आतली रचना, कोषावरचे मोती, सगळं आलं. शेवटच्या परिच्छेदात मी एक वाक्य घातलं. मराठीत सांगायचं तर ते असं: मोहफुलं वेचण्यासाठी येथील स्त्रिया झाडांखालचा पाचोळा जाळतात; ज्या एकमेव झाडावर ही जात आढळली त्याखालीही दरवर्षी असा जाळ केला जात असे. वाक्य लिहिताना मला दुःख झालं होतं आणि त्या दुःखाचा थोडा अभिमानही वाटला होता.

छापलेल्या प्रती आल्या तेव्हा मी एक घेऊन घरी गेलो. दुपारची वेळ. माय सपरीत सुपात तांदूळ घोळत होती, मोठीमाय खांबाला टेकून बसली होती. मी पंखाचं चित्र दाखवलं. मोठीमायने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि एवढुसा किडा आन् केवढा कागद, असं म्हणून हसली. मी फुशारून शेवटचा परिच्छेद मराठीत सांगायला लागलो. ते वाक्य संपलं तशी मायने सूप खाली ठेवलं.

"कोन आग लावत होतं गा?" ती म्हणाली. "तुही मोठीमाय? तिनं त्या झाडाखाली काडी नाही लावली कधी. झाडते ते, दर साली. पाचोळा नाल्याच्या बाजूले ढीग करून ठेवते, पाऊस लागेपर्यंत. आग लावली तं फुलाले राखेचा वास लागते, म्हनून."

मोठीमाय म्हणाली, राहू दे वो. सगळं एकदम जागेवर बसलं. ढिगातल्या पाचोळ्यात कोष सुखरूप राहत होते म्हणून पतंग त्या एकाच झाडावर होता. झाडाभोवतीची जमीन ती खराट्याने लख्ख करून ठेवायची म्हणून शेजाऱ्याची आग दर साली तिथे येऊन विझत होती. ज्या वर्षी मी तिला बाहेर ठेवलं त्याच वर्षी पाचोळा साचला, आणि वर मी काट्यांचं सरण रचून दिलं. मी तिला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता. आपली चूक कळली की माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो.

ती थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली. "तू शिकलेला," ती म्हणाली. "मले वाटलं, माह्या झाडन्यानंच तुह्ये किडे मरून राहिले."

म्हणजे तेव्हापासून ती असं धरून चालली होती, की इतकी सालं आपण खराट्याने पोराचे किडे मारत आलो. मी तिच्या पायाशी बसलो. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तिनेच कागद माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "हे खोडता येते का?"

छापलेलं खोडता येत नाही, मी म्हणालो, पण दुसरा कागद लिहून आधीचं चूक होतं असं सांगता येतं.

"मंग तो लिह," ती म्हणाली. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. मी लिहितो म्हणालो.

महिन्याभराने कॉलेजच्या जागेसाठी मुलाखत होती आणि माझ्याकडे दाखवायला तो एकच निबंध होता. नव्या जातीचा शोध लावणाऱ्याने स्वतःच तिचा नाश केला, तोही घरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही म्हणून, हे मुलाखतीच्या आधी छापायचं धैर्य माझ्यात नव्हतं. नंतर लिहू म्हटलं. नोकरी लागली. नंतर लग्न, नंतर बदली, नंतर सर गेले, आणि त्यांच्या नावाच्या जातीबद्दल असं काही लिहिणं बरं दिसेना. सबबींना तोटा नसतो. मोठीमायने पुन्हा कधी विषय काढला नाही. मी घरी गेलो की ती वाढायची, पूर्वीसारखीच.

मोह आगीनंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात वादळाने आडवा झाला. तिची ढोली रिकामी होती ती रिकामीच राहिली. माय त्यात पुढे जुनी गोणपाटं ठेवायची. गुडाखूसाठी मोठीमायला आता मायला सांगावं लागायचं. दोन-तीनदा सांगितलं असेल, मग तिने गुडाखू सोडली. दात दुखतात म्हणाली. मी गोंदियाहून डबे आणून द्यायला लागलो तर तिने ते घेतले, फळीवर ठेवले आणि उघडले नाहीत. ती गेल्यावर मायने ते डबे तसेच मला परत दिले. मी काही विचारलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसलो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका तरुण संशोधक मुलीचा फोन आला. नम्र, हुशार, बोलताना धाप लागेल इतका उत्साह. नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांमध्ये मोहाखालची आग थांबवण्यासाठी काही करायचं म्हणून ती अहवाल लिहीत होती, आणि त्यात माझं ते वाक्य पहिला पुरावा म्हणून घालणार होती. तिने ते मला वाचून दाखवलं. जुन्या निबंधातलं इंग्रजी एवढं स्वच्छ होतं की क्षणभर मलाच पटलं. मग तिने विचारलं की त्या भागातल्या बायकांच्या जाळण्यामुळे एक अख्खी जात संपली, असं लिहिलं तर चालेल ना, सर? मी हो म्हणालो. सत्तरी ओलांडलेला माणूस, ना मुलाखत, ना नोकरी, ना कुणाची भीती, आणि तरी तोंडातून हो निघालं. सवय झाली होती.

त्यानंतर चार दिवस अन्न गोड लागलं नाही. बायकोने विचारलं, मी पित्त म्हणून सांगितलं. आता तिकडच्या गावांत झाडाखाली हिरव्या जाळ्या बांधतात म्हणे, फूल जाळीत पडतं, जाळायलाही नको आणि झाडायलाही नको. चांगलंच आहे. पण त्या अहवालात जाळणाऱ्या बाया म्हणून जी पहिली बाई उभी राहणार होती, ती माझी मोठीमाय होती. पाचव्या दिवशी दुपारी मी त्या मुलीला फोन लावला आणि म्हणालो, ते वाक्य चूक आहे, आत्ताच लिहून घ्या. त्या झाडाखाली आग लावली जात नव्हती. झाड माझ्या थोरल्या काकूंचं होतं. त्या दर फाल्गुनात पाचोळा झाडून नाल्याच्या बाजूला ढीग करत आणि म्हणूनच ती जात तिथे टिकली होती. मी त्यांना एक वर्ष झाडू दिलं नाही. आग शेजारून आली, पण पेटायचं सामान मी रचलं होतं.

पलीकडून टंकायचा आवाज येत होता तो थांबला. मग अगदी सरळपणे, कुठलाही ठपका न ठेवता, कामाचा प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, "पण सर, पाचोळ्याचं काय करता, असं तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"त्या दूर राहायच्या का?"

"नाही," मी म्हणालो. "एकाच घरात होतो. मला जेवायला त्याच वाढायच्या."